आखाजीचा दवाखाना

प्रमिलाबाई गल्लीत शिरली की बायका घरात शिरत. पांढरी साडी दुरून ओळखू यायची. मग कुणी चुलीपुढे पाठ करून बसे, कुणाला अचानक दळण आठवे, आणि एक जण तर मागल्या दाराने थेट कपाशीत पळाली होती, ती दिवेलागणीलाच परत आली. गावाने तिला नाव ठेवलं होतं ‘आपरेसनवाली बाई’. यात प्रमिलाबाईचा काही दोष नव्हता. ऐंशी सालानंतरचा तो काळच तसा. उपकेंद्राच्या नर्सने महिन्याला किती बायका ऑपरेशनला नेल्या, एवढंच वरचे विचारत. बाई पोटुशी असली की सरकारच्या कामाची, तिचं पोर लस टोचण्याजोगं असलं की कामाची, आणि ऑपरेशन झालं की तिचा विषय संपला. पुढे तिची कंबर दुखते की अंगावरून जातं, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना तिला धाप का लागते, मिश्री घासून घासून तोंडात चट्टे का पडलेत, याची कुणाला म्हणजे कुणालाच पडलेली नव्हती. तिला स्वतःलाही नाही.

प्रमिलाबाईला मात्र पडली होती. ती मूळची पिंपळनेरकडची. शिक्षण धुळ्याला, नवरा एसटीत कंडक्टर, अमळनेर डेपोला. नेमणूक धरणगावजवळच्या या कापसाच्या गावात. अंगाने ती भरलेली होती आणि आवाजाने त्याहून. पण बोली इथलीच. ती आपल्या बोलीत बोलली की तिचं बरं चाललंय, आणि तिने पुस्तकातलं मराठी काढलं की आता कुणाची तरी धडगत नाही, हे गावाला पाठ झालं होतं.

तिने पुष्कळ खटपटी केल्या. घरोघरी जाऊन सुनांना विचारलं, "काही त्रास?" सून काय सांगणार, सासू शेजारी उकिडवी बसलेली. "काही नही बाई, बठ्ठं बरं शे," एवढंच उत्तर. बाईचं दुखणं सासरी बोलायचं नसतं, कारण सासरी दुखणं म्हणजे कामचुकारपणा. मग बोलते कुठे? माहेरी. आणि माहेरी खानदेशातली बाई हक्काने येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला. वर्षभर कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या साऱ्या लेकी त्या आठ-दहा दिवसांत गावात येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, उंच उंच जातात आणि तोंडाला येईल ते बोलतात. हे प्रमिलाबाईच्या ध्यानात आलं, म्हणजे तिला आपल्याच माहेरची आठवण झाली, आणि एका आखाजीला ती पिशवी घेऊन सरळ झोक्याखाली जाऊन उभी राहिली.

"आपरेसनवाल्या बाईले बी झोका देवाना का व?" वरून कुणीतरी विचारलं. बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

"द्या ना. पन पहिले दोर दखी ल्या. मी काही हलकी नही शे."

ती खरंच झोक्यावर बसली. दोर तुटला नाही. त्या दिवसापासून आखाजीचा दवाखाना सुरू झाला. नियम तीन-चारच. दवाखाना फक्त गावच्या लेकींसाठी. सासवांना मज्जाव, सुनांना मज्जाव, त्यांनी आपापल्या माहेरी जाऊन बोलावं. ‘ऑपरेशन’ हा शब्द कुणी काढायचा नाही, बाईनेसुद्धा नाही. आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब तरुण होते, त्यांना हे पटेना. "सिस्टर, या बायका आपल्या हद्दीतल्या नाहीत. यांचं काम दाखवणार कुठे?"

"नका दाखवू साहेब. मी आखाजीची रजा घेतली असं समजा."

रजा तिने घेतली नाही आणि त्यांनी मागितली नाही. उलट दुसऱ्या वर्षी लोहाच्या गोळ्यांचा डबा न मागता पाठवला.

बायका झोक्यावरून उतरून घोळक्याने येत. प्रमिलाबाई पापणी उलटून रक्त बघे, बीपीचा पट्टा बांधे, मिश्री घासणारीचं तोंड उघडून चट्टे शोधे. गूळ-शेंगदाणे कुणी खायचे, मीठ कुणी सोडायचं, शेतात दिवसभर पाणी न पिता राहिलं की लघवीला आग का होते, ते सांगे. आणि छाती तपासायला शिकवी. स्वतःच्या पदरावरून हात फिरवून दाखवी. "आंघोळ करताना बघायचं. चिमटीत धरायचं नाही. भाकरी थापतो तशी सपाट बोटं, गोल फिरवायची. गाठ लागली तर इकडे यायचं. तिला बिब्बा नाही, डाग नाही, लेप नाही. जी लावेल तिला मी दारात उभी करणार नाही." हे ती पुस्तकातल्या मराठीत सांगे, म्हणजे ते लागावं. आणि ते लागलंही होतं. कसं, ते तिला पुढे कळलं.

एकोणनव्वदच्या आखाजीला बेबाबाई झोक्यावर आली नाही.

बेबाबाई म्हणजे धुरपदाबाईची थोरली. तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, रावेरकडे केळीच्या गावात दिलेली. दर वर्षी सगळ्यांत उंच झोका तिचा, सगळ्यांत मोठा गळा तिचा, आणि नवऱ्याच्या नकला करून बायकांना हसवून लोळवायची तीही तीच. ती गावात येऊन आठवडा झाला होता आणि लिंबाखाली तिचा पत्ता नव्हता. प्रमिलाबाईने एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईच्या ओट्यावर चढली.

धुरपदाबाई खापरावर मांडा टाकत होती. बेबाबाई शेजारी रसासाठी आंबे पिळत होती, पण एकाच हाताने. डावा हात तिने अंगाशी धरला होता, मोडलेल्या पंखासारखा.

"काय व बेबा, औंदा झोका कडू लागना का?"

"आंग दुखस बाई."

"ऊन लागनं तिले," धुरपदाबाई मांड्यावरून नजर न काढता म्हणाली. "दोन दिनमा बरी व्हई जाई."

"डावा हात वर कर."

बेबाबाईने आईकडे पाहिलं. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.  प्रमिलाबाईने बेबाबाईला उठवलं, मधल्या घरात नेलं आणि दार लोटलं.

डाव्या छातीत गाठ होती. पण प्रमिलाबाईचा हात गाठीआधीच थबकला. वरची कातडी गेली होती. लालभडक, सुजलेली, कडेला भेगाळलेली, मधून पाणी झिरपत होतं. काखेत बोटं घातली तर तिथेही दुसरी लहान गाठ, आणि ती दाबताच बेबाबाई कळवळली.

"गाठ कधीपासून?"

"कापूस येचानी टाइमले लागनी व्हती. तुम्ही सांगेल तसा हात फिरायना, तं लागनी."

"आणि ही कातडी? याला काही लावलं का?"

"नही," बेबाबाई म्हणाली. दाराच्या फटीतून धुरपदाबाई तिच्याआधीच म्हणाली होती, "काही नही लायेल."

 प्रमिलाबाई धुळ्याला शिकत असताना वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होती. तिची छाती अशीच दिसायची, काखेत अशीच गाठ होती. ती बाई खाटेवरून उठली नाही. प्रमिलाबाईला तिचं नाव आठवत नव्हतं, जखम मात्र आठवत होती. तिने पदर नीट करायला बेबाबाईला मदत केली आणि बाहेर येऊन पाणी मागितलं. उन्हाळा होता, कुणाला संशय आला नाही.

"उद्या जळगावला सिव्हिलला जायचं," ती म्हणाली.

धुरपदाबाईने सराटा खाली ठेवला. "उद्या पाव्हना यी ऱ्हायना लेवाले. त्याले काही सांगू नका बाई, तुमना पाया पडस. असं काही दखं तर सोडी दिई तो हिले."

"सोडलं तर सोडू दे. अक्का, जिवंत बाईला नवरा सोडतो. मेलेलीला कोण सोडतं?"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्त झालं. पण शब्द परत घेण्याची तिला सवय नव्हती.

पाव्हणा म्हणजे बेबाबाईचा नवरा कौतिक. तो सकाळच्या एसटीने आला तो खांद्यावर केळीचा घड घेऊनच. सासुरवाडीला रिकाम्या हाताने येणं त्याला जमत नसे. उंच, काळाभोर, बोलायला कंजूस. प्रमिलाबाई ओट्यावर त्याची वाटच बघत होती. त्याने घड उतरवला, तोंडावर पाणी मारलं, आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं. गाठ, कातडी, काख, आणि काय असू शकतं तेही. आत धुरपदाबाईने पदर तोंडात कोंबला.

कौतिकने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं हिनं?"

"कधी सांगू?" बेबाबाई दाराआडून म्हणाली. "घर भरी मानसं. रात पडी तं तुम्ही बागले पानी देवाले जातस."

कौतिकने चप्पल पायात सरकवली. "कोनत्या गाडीनं जायचं?"

इतकंच. धुरपदाबाईने रात्रभर ज्या भांडणाची तयारी केली होती, ते झालंच नाही. ती दारात उभी राहून जावयाकडे अशी पाहू लागली, जणू त्याने तिची फसवणूक केली.

जळगावला सिव्हिलचे सर्जन निवृत्तीला टेकलेले होते. फार बोलत नसत, पण हात हलका होता. त्यांनी बेबाबाईला नीट तपासलं, हात धुतले, बराच वेळ पुसत राहिले आणि प्रमिलाबाईला पडद्याबाहेर बोलावलं.

"सिस्टर, कातडी गेली आहे, काखेत गाठ आहे. मला हे बरं दिसत नाही. मुंबईला पाठवावं लागेल. पूर्ण छाती काढूनसुद्धा पुढचं काही सांगता येणार नाही. काही लावलं नव्हतं ना?"

"विचारलं सर. नाही म्हणतात."

"मग चिठ्ठी लिहितो."

प्रमिलाबाई व्हरांड्यात आली. बाकावर बेबाबाई मान खाली घालून बसली होती. कौतिक पलीकडे वॉर्डबॉयला केळी घेण्याचा आग्रह करत होता आणि वॉर्डबॉय नको नको म्हणत होता. धुरपदाबाई एकटी उठून सामोरी आली. "काय म्हनतस डाक्टर?"

"मुंबईला न्यावं लागेल अक्का."

धुरपदाबाई होती तिथेच फरशीवर बसली. मुंबई म्हणजे कॅन्सरचा दवाखाना, हे तिला न सांगता कळलं. थोड्या वेळाने खालूनच आवाज आला, "मी लायं व बाई."

"काय लावलं?"

"बिब्बा." तिने वर पाहिलं नाही. "ती उनी ना, त्याच दिन. पाव्हना येवाना पहिले गाठ बसी जाई म्हनीसन. सुई तापाडी, बिब्बामा खुपशी, तेल काढं, लाई दिन्हं. दुसरा दिन आंगभर फोड. मंग खोबरानं तेल लायं, हयद लाई. काळं निंघी गयं, पन कातडी बी निंघी गयी."

"मी समोर बसून विचारलं ना तुम्हाला? दोघींना विचारलं."

"तुम्हीच तं झोकाखाले म्हनतस, बिब्बा लाई तिले दारमा उभी करावू नही. म्हनं, आते सांगं तर ही बाई हाकली दिई. मंग मनी आंडेरले, मनी पोरले, कोन दखी?"

प्रमिलाबाईच्या जिभेवर पुस्तकातलं मराठी आलं होतं. ओळीने रचून तयार होतं, दातापर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं. बेबाबाई रडत होती, पण आईचा हात धरून रडत होती. बिब्बा लावताना तिने ओरडू नये म्हणून आईनेच तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला होता, हे तिने नंतर सांगितलं.

प्रमिलाबाई वळली आणि पडदा सारून आत गेली. सर्जन चिठ्ठीच लिहीत होते.

"सर, बिब्बा लावला होता. आईने. वरून खोबरेल आणि हळद."

त्यांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीला टेकले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला दिसला. "म्हणजे कातडी भाजलेली आहे. काखेतली गाठ त्या जखमेनेही आली असेल." मग लगेच सावरून म्हणाले, "गाठ चांगलीच आहे असं मी म्हणत नाही हं. पण आता गाठीचं किती आणि बिब्ब्याचं किती, ते वेगळं करून बघता येईल. जखम आधी भरू द्या. मग गाठ काढू आणि तपासायला पाठवू. त्या म्हाताऱ्या बाईंना रागावू नका."

"नाही सर. रागवायचं तेवढं मी झोक्याखाली आधीच रागावून बसले आहे."

त्यांना ते कळलं नाही, आणि तिने समजावलं नाही.

आखाजी संपली. बाकीच्या लेकी सासरी गेल्या. बेबाबाई राहिली, कौतिक मात्र बागेला पाणी द्यायला परतला आणि मधून मधून येत राहिला. प्रमिलाबाई रोज सकाळी धुरपदाबाईच्या ओट्यावर. मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, मलम, पट्टी. कातडी कडेकडेने धरू लागली. काखेतली गाठ लहान होत होत एक दिवस बोटाला लागेनाशी झाली. प्रमिलाबाईने दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधली, नव्हती. छातीतली मात्र होती तिथेच होती.

तेवढ्या दिवसांत तिने आपली एक सवय मोडली. कुणाच्याही दुखण्याला "काही लावलं का?" असं ती विचारेना. "काय काय लावून बघितलं?" असं विचारू लागली, आणि तेही पाठीवर हात ठेवून. बायका आधी बिचकल्या, मग बोलू लागल्या. काय काय निघालं म्हणता. चुना, राख, तंबाखूची पानं, केळीच्या सोपटाचं पाणी, एकीने तर गुडघ्याला रॉकेल. प्रमिलाबाई ऐकून घेई. शेवटपर्यंत ऐकून घेई, आणि मग जे सांगायचं ते सांगे. धमकी देणं तिने सोडलं. बोलणं सोडलं असं नाही, ते तिला झेपलं नसतं.

जखम भरल्यावर जळगावला गाठ काढली. कच्च्या लिंबाएवढी. छाती शाबूत राहिली. गाठ तपासायला धुळ्याला गेली आणि वाट बघणं सुरू झालं. ते वाईट. बेबाबाई ओट्यावर बसून पोरांना घास भरवी आणि मध्येच थांबून त्यांच्याकडे बघत राही. धुरपदाबाईचं जेवण सुटलं होतं. ‘माझ्या बिब्ब्यानेच ती गाठ बिघडली,’ हे तिच्या डोक्यातून कुणाला काढता येईना. प्रमिलाबाई तिला "तसं होत नाही अक्का" म्हणे. पण गाठीचं काय ते तिला तरी कुठे ठाऊक होतं. तीही रात्री छताकडे बघत पडे. नवरा घरी आला की म्हणे, "तुझी नात्यातली आहे का ती?" हिचं उत्तर ठरलेलं, "झोप तू."

निकाल आणायला ती एकटीच गेली. सर्जनांनी ती दारात दिसताच हात वर केला.

"साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

"पुन्हा सांगा सर."

"कॅन्सर नाही. दुसरा काही उपचार नको. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला आणा." मग हसून म्हणाले, "आता बसा जरा सिस्टर, पडाल."

ती बसली नाही. बसली असती तर रडली असती, आणि सिव्हिलमध्ये ओळखीचे फार. एसटीत मात्र खिडकीशी बसून तिने वारं भरून घेतलं. कंडक्टर तिकिटाला आला तर कुठे जायचं तेच तिला सांगता येईना. तो नवऱ्याच्या ओळखीचा होता. "वहिनी, अमळनेर का?" त्याने विचारलं. "हं? नाही नाही. धरणगाव. धरणगावच्या अलीकडे, फाट्यावर."

फाट्यावर धुरपदाबाई बसली होती. भर उन्हात, डोक्यावर पदर, जवळ रिकामा तांब्या. किती गाड्या जाऊ दिल्या होत्या कोण जाणे. प्रमिलाबाई पायरीवरून उतरली आणि धूळ खाली बसायच्या आतच म्हणाली, "साधी गाठ शे अक्का. काही नही शे तिले. काही म्हनजे काहीच नही."

धुरपदाबाई उठली. दोन पावलं पुढे आली. प्रमिलाबाईला वाटलं, आता गळ्यात पडते. पण तिने कमरेवर हात ठेवले.

"मंग इतलं भेव काय दिन्हं व आमले? आं? मुंबई काय, छाती काढनी काय. मना जीव जाई ऱ्हायंता अठे. अशी नर्स ऱ्हास का कोठे?"

"सांगा, अजून सांगा."

"सांगस ना मंग. घरले चाला पहिले."

शिवारभर ती बडबडत चालली, आणि प्रमिलाबाई मागून हसत चालली. इतकं सुखाचं बोलणं तिने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

बेबाबाई ओट्यावरच उभी होती. कौतिकही आला होता, सकाळीच. त्याने ऐकलं, मान हलवली आणि उगाच गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवरून हात फिरवू लागला. बेबाबाई ओट्याची पायरी उतरून आली. मग म्हणाली, "बाई, मंग मी डोकं धुई ल्यू का आते? टाके टाके करीसन किती दिन व्हयनात, खाज येस."

"धू. खुशाल धू. शिकेकाई लाव."

"काय लावू?" बेबाबाईने विचारलं, आणि दोघी अशा हसल्या की धुरपदाबाई पुन्हा रागावली.

आत रस-पोळी झाली होती. प्रमिलाबाईला दोनदा वाढलं, तिने दोन्ही वेळा संपवलं. हात धुऊन ती ओसरीवरच्या खाटेवर "जरा टेकते" म्हणून टेकली, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आत झोपली. पाय खाली लोंबकळत होते. धुरपदाबाईने ते उचलून वर ठेवले, पांढऱ्या साडीचा पदर तोंडावरून बाजूला केला आणि कोंबड्या हाकलल्या.

ऊन कलतं झालं तेव्हा आरोग्य केंद्राचा शिपाई चिंधा सायकलवरून आला. उपकेंद्राला कुलूप, सगळ्या गावात शोध घेत इथवर पोचलेला. "साहेबांनी बाईंना बोलावलंय. मीटिंग आहे. या महिन्यातल्या ऑपरेशनांचं विचारतायत."

"हळू बोल रे," धुरपदाबाई म्हणाली. "झोपेल शे ती."

"या वेळेला? काय झालं बाईंना?"

"काही नही व्हयनं," धुरपदाबाई म्हणाली. "म्हनीसनच तं झोपेल शे. तू बस, च्या ठेवस."